हवा खेळती हवी, पण किती?

‘घर कसे असावे?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत कधी ना कधी लिहिले आहे. घर स्वच्छ असावे, उजेड भरपूर असावा, दारे-खिडक्या समोरासमोर असाव्यात आणि हवा खेळती असावी. आज शिक्षक म्हणून आपण तेच उत्तर तपासतो. ‘हवा खेळती असावी’ हे वाक्य दिसले की बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो.

हे वाक्य चुकीचे नाही. पण ते विज्ञानाचे वाक्य आहे का, याविषयी आम्हाला शंका आहे. ‘पाणी भरपूर प्यावे’ म्हटले की एखादे चौकस मूल लगेच विचारते, ‘भरपूर म्हणजे किती पेले?’ हवेच्या बाबतीत मात्र ‘किती’ हा प्रश्न ना पुस्तक विचारते, ना मुले, ना आपण. जे मोजता येते ते न मोजता नुसत्या विशेषणावर भागवले, तर तो उपदेश होतो. विज्ञान होत नाही.

या लेखात आम्ही या विशेषणाची झडती घेणार आहोत. त्याच्या आधाराला वर्गात जे प्रयोग केले जातात, जी उपकरणे बनवली जातात आणि इमारतींसाठी जे नियम सांगितले जातात, तेही तपासणार आहोत. त्यासाठी कसोटी म्हणून एक घर लागेल. पुस्तकातल्या चित्रातले घर, म्हणजे चार पक्क्या भिंती, समोरासमोर दोन खिडक्या आणि एकीतून आत येऊन दुसरीतून बाहेर जाणारे बाण, आम्ही मुद्दाम बाजूला ठेवतो. त्याऐवजी नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगी परिसरातले घर घेऊ.

कसोटीचे घर

मोलगी हे अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या डोंगरांतले बाजाराचे गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, तेव्हा हा भाग नव्या जिल्ह्यात आला. या डोंगरांतल्या आदिवासी पाड्यांवरचे जुन्या पद्धतीचे घर म्हणजे लाकडी खांब, वर कौले आणि बांबूच्या कांबट्या विणून केलेल्या कुडाच्या भिंती. कूड कुठे शेणामातीने सारवलेला, कुठे तसाच उघडा. चूल घरातच. पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर अशा घराला खिडक्या नसतात किंवा नावापुरत्या असतात. म्हणजे परीक्षेत हे घर नापास!

पण हा निकाल बरोबर आहे का? तो मोजल्याशिवाय देता येणार नाही. मग मोजायचे काय?

एक शब्द, तीन प्रश्न

‘खेळती हवा’ या एका शब्दात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत, आणि आमची मुख्य तक्रार हीच आहे की पुस्तके ते वेगळे करत नाहीत.

पहिला प्रश्न वेगाचा: खोलीत बसलेल्या माणसाच्या अंगावरून हवा किती वेगाने जाते? घाम वाळणे, बरे वाटणे, कोंदटपणा जाणवणे हे यावर अवलंबून. याचे एकक मीटर प्रति सेकंद.

दुसरा प्रश्न प्रवाहाचा: खोलीत बाहेरची ताजी हवा तासाला किती घनमीटर येते? या आकड्याला खोलीच्या घनफळाने भागले की खोलीतली हवा तासाभरात किती वेळा बदलते ते कळते. याला आपण ‘ताशी हवाबदल’ म्हणू. क्षयासारखे हवेतून पसरणारे रोग, श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांच्याशी या प्रश्नाचा संबंध आहे.

तिसरा प्रश्न मार्गाचा: घाण हवा जिथे निर्माण होते, तिथून बाहेर जाताना ती कोणाच्या नाकावरून जाते?

हे तिन्ही प्रश्न एकच आहेत असे मानले की कशी फसगत होते, ते पाहा. दारे-खिडक्या बंद करून छताचा पंखा पूर्ण वेगाने सोडला, तर पंख्याखालच्या माणसाला सेकंदाला एक मीटरचा वारा सहज लागेल. पण तीच हवा पुन्हा पुन्हा घुसळली जाते. वेग भरपूर, हवाबदल जवळजवळ शून्य.

आता कुडाची भिंत घ्या. समजा, वाऱ्याच्या बाजूची भिंत १० मीटर लांब आणि २ मीटर उंच आहे, म्हणजे २० चौरस मीटर. कांबट्यांमधल्या फटी समजा शंभरात पाच भाग, म्हणजे सगळ्या मिळून १ चौरस मीटर. या फटींतून हवा सेकंदाला अवघी पाव मीटर वेगाने आत येते असे धरू. तर प्रवाह झाला सेकंदाला ०.२५ घनमीटर, म्हणजे तासाला ९०० घनमीटर. घर १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी ३ मीटर उंच असेल, तर त्याचे घनफळ १८० घनमीटर. ९०० भागिले १८०, म्हणजे ताशी ५ हवाबदल. फटींतून आलेल्या या बारीक धारा आत एकमेकींत मिसळून सगळ्या भिंतीइतक्या रुंद झाल्या, की त्यांचा सरासरी वेग उरतो सेकंदाला सव्वा सेंटिमीटर. मुंगीच्या चालीचा वारा म्हणा ना! अंगाला तो कळणार नाही, कोणतेही साधे उपकरण तो दाखवणार नाही. वेग जवळजवळ शून्य, पण हवाबदल पाच.

वरचे आकडे गृहीत धरलेले आहेत. कूड जाड सारवलेला असेल तर ते बदलतील. पण मुद्दा बदलत नाही. पंखा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कूड दुसऱ्याचे. दोघांनाही ‘हवा खेळती आहे’ हे एकच प्रशस्तिपत्र देणे योग्य नाही.

दोन धुराड्यांची पेटी

हवेच्या प्रवाहाचा वर्गातला एक जुना प्रयोग म्हणजे दोन धुराड्यांची पेटी. खोक्याच्या झाकणाला दोन भोके, त्यांवर दोन नळ्या. एका नळीखाली पेटती मेणबत्ती, दुसरीच्या तोंडाशी धुमसणारा कागद. धूर एका नळीतून खाली उतरतो आणि मेणबत्तीवरच्या नळीतून वर निघतो. मुले थक्क होतात, कारण धूर खाली जाताना त्यांनी सहसा पाहिलेला नसतो.

प्रयोग उत्तम आहे, स्वस्त आहे आणि कधी फसत नाही. पण आमच्या पाहण्यातल्या मांडणीत तो ‘गरम हवा वर जाते’ या वाक्यापाशी संपतो. खरी मजा पुढे आहे. मेणबत्तीविना असलेली नळी बुचाने बंद करा. आता मेणबत्तीवरच्या एकाच नळीतून हवा आतही यायची आणि बाहेरही जायची. ज्योत फडफडते, मंद होते, पेटी लहान असेल तर विझते. यातून जो धडा मिळतो तो घरासाठी मोलाचा आहे: हवेला बाहेर जायची वाट पुरेशी नाही, आत यायचीही वाट हवी. कौलांच्या सांध्यांतून धूर बाहेर पडतो, तो कुडाच्या फटींतून खालून हवा येते म्हणूनच. त्या फटी लिंपून टाकल्या, तर वरचे छिद्र होते तेवढेच राहूनही त्याचे काम मंदावेल.

याच प्रयोगाला ‘किती’ हा प्रश्नही जोडता येतो. आत-बाहेरच्या तापमानात ५ अंशांचा फरक असेल आणि खालच्या व वरच्या वाटांत ३ मीटरचे अंतर असेल, तर हवेचा वेग हिशेबाने सेकंदाला सुमारे १ मीटर निघतो. वाटेतल्या अडथळ्यांमुळे प्रत्यक्षात तो याच्या निम्म्याहून कमी भरतो. उंची दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो, कारण तो उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. नळ्यांची लांबी बदलून हे पडताळण्याचा प्रयत्न आठवी-नववीची मुले सहज करू शकतील.

एक गोष्ट मात्र मेणबत्तीची पेटी सांगत नाही. हा ओढा सदासर्वदा सारखा नसतो. हिवाळ्याच्या पहाटे अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-वालंब्याकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी चुलीमुळे घर बाहेरपेक्षा बरेच गरम असते आणि ओढा जोरात चालतो. मे महिन्याच्या दुपारी, वारा पडलेला असताना आणि चूल विझलेली असताना, आत-बाहेर फारसा फरक नसतो आणि हवा थबकते. म्हणून घर हवेशीर आहे की नाही, याला ‘कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी’ हा जोडप्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही.

कपांचे चक्र घरात चालत नाही

विज्ञान जत्रेत हमखास दिसणारे उपकरण म्हणजे कागदी कपांचे वायुवेगमापक. चार कप, दोन काड्या, मध्ये टाचणी. मूळ कल्पना आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांची, १८४६ सालची. हवामान केंद्रांवर तिची सुधारलेली रूपे अजूनही फिरत आहेत. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. अशा पवनचक्क्या उभारण्यापूर्वी त्या जागेचा वारा उंच मनोऱ्यांवर असलीच मापके लावून महिनोन्‌महिने मोजतात. तिथे ते योग्यच आहे.

पण हेच कपांचे चक्र मुले वर्गात आणतात, ते फिरत नाही, आणि निष्कर्ष निघतो, ‘वर्गात वारा नाही.’ हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. कारखान्यात बनवलेले चांगले कपांचे मापकसुद्धा सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरच्या आसपास हलू लागते. टाचणीवरच्या कागदी चक्राला त्याहून बराच अधिक वारा लागतो. घरातल्या हवेचा वेग मात्र बहुतेक वेळा ०.१ ते ०.३ मीटरच्या घरात असतो. किराणा दुकानातल्या तराजूवर केस ठेवला आणि काटा हलला नाही, म्हणून केसाला वजन नाही असे आपण म्हणत नाही. ‘शून्य दाखवले’ आणि ‘शून्य आहे’ यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगली संधी मिळायची नाही, आणि नेमकी तीच आपण दवडतो.

बोफर्टची वाऱ्याची मोजपट्टी अनेक शाळांच्या भिंतीवर लावलेली असते. तिच्या खालच्या दोन पायऱ्या पुन्हा वाचा. पायरी ०: धूर सरळ वर जातो. पायरी १: धुराच्या कलावरून वाऱ्याची दिशा कळते, पण वातकुक्कुट हलत नाही. चेहऱ्याला वारा जाणवतो तो पायरी २ वर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.६ मीटरपासून पुढे. घरातले सारे जग पहिल्या दोन पायऱ्यांवरच राहते, आणि तिथे ही मोजपट्टीसुद्धा यंत्र सोडून धुराकडे पाहा असे सांगते. तिच्याच सल्ल्याने उदबत्ती घेतली तर बिघडले कुठे?

‘काटा’ नावाचा तापमापक

मंद वारा मोजण्याची एक सुंदर युक्ती ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ लिओनार्ड हिल यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रचारात आणली. मोठ्या फुग्याचा, अल्कोहोल भरलेला तापमापक गरम पाण्यात तापवायचा, पुसून कोरडा करायचा, टांगायचा आणि ३८ अंशांवरून ३५ अंशांवर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. हवा जितकी वेगाने वाहते तितका तो लवकर निवतो. त्याचे नाव ‘काटा थर्मामीटर’. हा काटा आपल्या तराजूचा नव्हे. ग्रीक भाषेत ‘काटा’ म्हणजे खाली, म्हणजे नळीतले अल्कोहोल उतरते तसे.

हिल यांचे कौतुक अशासाठी की त्यांनी पहिला व दुसरा प्रश्न वेगळे करून दाखवले. बंद खोलीत माणसे घुसमटतात ती प्राणवायू कमी झाल्याने, असा समज होता. हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद कोठडीत माणसे बसवली. हवा तीच ठेवून नुसता पंखा सुरू केला, तर त्यांना लगेच बरे वाटले. त्रास मुख्यतः उष्णतेचा आणि साचलेल्या हवेचा होता. बरे वाटणे हा हवा शुद्ध झाल्याचा पुरावा नव्हे, हे यातून आपण शिकायचे. पंख्याखाली गाढ झोपलेल्या वसतिगृहातल्या मुलांच्या बाबतीतही हेच लागू पडते.

पण या उपकरणालाही मर्यादा आहेत. लंडनमध्ये जन्मलेला हा काटा खानदेशातल्या मे महिन्यात हात टेकतो, कारण भोवतालची हवाच ४० अंशांवर असेल तर तो ३५ वर उतरणार कसा? म्हणून उष्ण खाणींसाठी व गिरण्यांसाठी अधिक तापमानाच्या खुणा असलेले काटे निघाले. आपण शाळेत साधा अल्कोहोलचा तापमापक घेऊन ५५ अंशांवरून ५० अंशांवर यायला लागणारा वेळ मोजू शकतो. यातून वेगाचा नेमका आकडा मिळणार नाही. पण खिडकीजवळ, खोलीच्या मध्यावर आणि कोपऱ्यात लागणाऱ्या वेळांची तुलना नक्की करता येईल. चुलीजवळ मात्र हा प्रयोग नको. तिथे निखाऱ्यांची धग तापमापकाला निवूच देत नाही.

खिडक्यांच्या क्षेत्रफळाचा नियम

आता नियमांकडे वळू. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात दिलेले आहे. उष्ण-कोरड्या हवामानात एक दशांश, उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश. नियम सुटसुटीत आहे, तपासायला सोपा आहे आणि तो नसता तर खिडक्याच नसलेल्या खोल्या बांधल्या गेल्या असत्या. त्याच संहितेत एक फार उपयुक्त निरीक्षणही आहे. आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटा मिळून जमिनीच्या २० ते ३० टक्के असल्या, तरी खोलीतला सरासरी वेग बाहेरच्या वाऱ्याच्या ३० टक्क्यांच्या आसपासच असतो. खिडक्या कितीही वाढवल्या तरी तो ४० टक्क्यांपलीकडे जात नाही.

आमचा आक्षेप नियमावर नाही. त्याचे वाचन जसे होते त्यावर आहे. नियम क्षेत्रफळ मोजतो, वाट मोजत नाही. एकाच भिंतीत दोन खिडक्या असल्या आणि समोर काहीच नसले, तरी कागदावर क्षेत्रफळ भरते. थंडीत रात्री त्या बंद केल्या, तरी कागदावर भरते. कुडाच्या घराला कागदावर शून्य गुण, पण त्याच्या फटी रात्रीही बंद होत नाहीत. त्या घरात राहणाऱ्यांना थंडी सोसावी लागते हेही खरे. आज डोंगरातही विटा-सिमेंटची घरकुले उभी राहत आहेत. भिंती पक्क्या झाल्या, साप-विंचवाचे, पावसाच्या झडीचे भय कमी झाले, हे चांगलेच आहे. पण चूल जर कुडाच्या घरातून उचलून जशीच्या तशी या बंद खोलीत आली, तर भिंतीतून आपोआप होणारा हवाबदल गेला आणि त्याची जागा एका बंद खिडकीने घेतली, हे कुणीतरी हिशेबात धरले पाहिजे.

नव्याला नेहमी जुन्यापेक्षा जास्त हवा मिळते असे नाही, याचा मोजलेला पुरावा पेरू देशातून आला. लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत नैसर्गिक वायुवीजनाच्या ७० खोल्या तपासून २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्यावर मध्यक हवाबदल ताशी २८ होता. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांचा ताशी १२. पन्नासहून अधिक वर्षांच्या जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत तो ४० होता, तर नव्या इमारतींत १७. अभ्यासकांनी तिथे वाऱ्याचा वेग मोजत बसण्याऐवजी खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडून तो किती लवकर नाहीसा होतो ते मोजले. प्रश्न क्षयाच्या संसर्गाचा, म्हणजे दुसरा होता. म्हणून पद्धतही दुसऱ्या प्रश्नाची.

श्वासावरून हिशेब

२०२० च्या करोना साथीनंतर कार्बन डायऑक्साइड मोजणारी छोटी उपकरणे बाजारात सहज मिळू लागली. वर्गासाठी ती उपयोगी आहेत. एक उदाहरण घेऊ. वर्ग ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, म्हणजे ९० घनमीटर. खिडकी १ चौरस मीटरची, समोर दार उघडे. खिडकीतून हवा सेकंदाला ०.२ मीटर वेगाने येते, म्हणजे अंगाला जेमतेम कळेल इतकी. प्रवाह तासाला ७२० घनमीटर, म्हणजे ताशी ८ हवाबदल. वर्गात ४० मुले, प्रत्येकी तासाला १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडणारी असे धरले, तर एकूण ६०० लिटर. बाहेरच्या हवेत दशलक्षात सुमारे ४२० भाग असतातच. त्यात सुमारे ८३० भागांची भर पडून वर्गात तो १२५० च्या आसपास स्थिरावेल. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच १००० ही मर्यादा सुचवली होती. आता दार-खिडकी बंद करून हवाबदल ताशी १ वर आणा. तासाभरात आकडा साडेचार हजारांच्या पुढे जाईल. वर्गातली जांभई नेहमी शिकवण्यामुळेच येते असे नाही!

मुले सुटीत बाहेर गेल्यावर उलटा हिशेब करता येतो. बाहेरच्यापेक्षा जास्तीचा भाग समजा १६०० आहे. तो ३७ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ६०० वर यायला १२ मिनिटे लागली, तर ६० भागिले १२, म्हणजे ताशी ५ हवाबदल. एक हवाबदल म्हणजे सगळी हवा नवी झाली असे नव्हे, हेही यातून कळते. नवी हवा जुनीत मिसळत असते. एका हवाबदलानंतर जुन्यातले ३७ टक्के उरते, तिनांनंतर ५ टक्के.

इथे दोन इशारे. काही स्वस्त उपकरणे कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. ती इतर वायूंवरून अंदाज बांधतात आणि उदबत्तीलाही फसतात. दुसरे, चूल पेटलेल्या घरात हा हिशेब लावू नये, कारण तिथे चूलही तोच वायू सोडत असते.

चुलीपुढची जागा

आणि आता ज्या प्रश्नासाठी आम्ही मोलगीचे घर निवडले, तो तिसरा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नात कुडाच्या घराला चांगले गुण मिळाले. मग चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे का झोंबतात?

हिशेब करू. उघड्या चुलीत एक किलो लाकूड जळताना काही ग्रॅम सूक्ष्म कण धुरात जातात. समजा ३ ग्रॅम, आणि तासाला एक किलो लाकूड. आपल्या घरात तासाला ९०० घनमीटर हवा येते. धूर सगळीकडे सारखा मिसळला असे धरले, तर घनमीटरला ३.३ मिलिग्रॅम, म्हणजे ३३०० मायक्रोग्रॅम. आपल्या देशाचे २००९ चे मानक अशा सूक्ष्म कणांसाठी २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम आहे. स्वयंपाक काही चोवीस तास चालत नाही, त्यामुळे थेट तुलना कडक ठरेल. तरीही स्वयंपाकाच्या वेळी हवा ६० वर आणायची, तर ५५ पट हवा लागेल, म्हणजे ताशी २७८ हवाबदल. घरात वादळच आणावे लागेल, आणि चूल विझेल!

हा नुसता कागदी हिशेब नाही. किर्क स्मिथ, अगरवाल आणि दवे यांनी अक्कलकुव्याच्या शेजारच्या गुजरात राज्यातल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर छोटे पंप बसवून, त्यांच्या नाकाजवळची हवा मोजली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात स्वयंपाकाच्या वेळी हवेतल्या एकूण कणांची सरासरी घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम भरली. त्यांनी खिडक्या मोजल्या नाहीत, खोलीच्या मध्यावर यंत्र ठेवले नाही. जिथे श्वास घेतला जातो तिथे मोजले. आमच्या मते घरातल्या हवेच्या मोजमापातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

म्हणून चुलीच्या धुरावर ‘खिडकी उघडा, हवा खेळती ठेवा’ हा उपाय सांगणारा पाठ अपुरा आहे, इतकेच नव्हे तर थोडा अन्यायाचाही आहे. तो दोष घराला आणि घरातल्या बाईला देतो. धूर पातळ करून संपत नाही. तो चुलीपाशीच धुराड्यात धरून छपराबाहेर सोडावा लागतो, किंवा इंधनच बदलावे लागते. १९८३ मध्ये सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि २०१६ ची उज्ज्वला योजना यांच्यामागे हाच विचार होता. पण किती चुली बसवल्या, किती जोडण्या दिल्या हे मोजणे सोपे असते. मोजायचे असते ते नाकाशी. सिलिंडर भरून आणणे परवडले नाही, तर जोडणीच्या आकड्यात फरक पडत नाही, श्वासात पडतो. आणि धुराचे उपयोगही विसरू नयेत. चुलीवर टांगलेल्या बियाण्याला कीड लागत नाही, छपराचे बांबू टिकतात. उपाय सुचवताना हे ऐकून घेणे भाग आहे.

वर्गात काय करता येईल

उदबत्ती घ्या. दाराच्या उंबऱ्याशी, मध्यावर आणि चौकटीच्या वरच्या कडेशी धरा. अनेकदा खाली धूर आत वळतो आणि वर बाहेर. टोकाजवळचा धूर स्वतःच्या उष्णतेने वर चढतो, म्हणून वीतभर दूर गेलेल्या, निवलेल्या धुराकडे पाहा. त्याला १ मीटर जायला ५ सेकंद लागले तर वेग ०.२ मीटर. उघड्या वाटेच्या क्षेत्रफळाने गुणा, प्रवाह मिळेल. खोलीच्या घनफळाने भागा, हवाबदल मिळेल. उदबत्ती काम झाले की विझवा. तोही धूरच.

धूर नको असेल तर रुईची म्हातारी सोडा. ती सावकाश खाली येतेच, म्हणून तिचे फक्त आडवे सरकणे मोजा. सातपुड्यातल्या शाळांत सावरीचा कापूसही चालेल.

मग मुलांना घरी पाठवा, पण ‘तुमच्या घराला खिडक्या किती?’ हा प्रश्न देऊन नको. कुडाच्या घरातल्या मुलाला त्या प्रश्नाने उगाच मान खाली घालावी लागते. विचारा, ‘तुमच्या घरात हवा कुठून येते? धूर कुठून जातो? जाताना कोणाच्या तोंडावरून जातो? सकाळी आणि दुपारी यात काय फरक पडतो?’ या प्रश्नांची उत्तरे मोलगीच्या मुलाकडे पुण्याच्या मुलापेक्षा अधिक असतील, आणि ती त्याने स्वतः पाहिलेली असतील.

परीक्षेच्या वहीत यापुढे ‘हवा खेळती असावी’ असे दिसले, तर शेजारी तीन शब्द लिहावेत असे आम्ही सुचवतो: किती? कुठे? कोणासाठी? मुलांनी काय उत्तरे आणली ते आम्हाला अवश्य कळवा.